आधी पाणी मागा: वेगळ्या श्रद्धेच्या माणसाला आपला विश्वास सांगायचा कसा

मी तेव्हा बावीस वर्षांचा. शेजारच्या काकूंकडे सत्यनारायण होता. वाडा एक, मधली भिंत एक. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आमच्या स्वयंपाकघरात मोजता यायच्या. काकू केळीच्या पानाच्या तुकड्यावर प्रसादाचा शिरा घेऊन आमच्या दारात आल्या. मी त्याच आठवड्यात आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुणांच्या शिबिरातून परतलो होतो, अंगात जोर होता. उंबऱ्यावरच सुनावलं, "आम्ही मूर्तीपुढचं खात नाही," आणि वर दहा आज्ञांतल्या पहिलीपासून सुरुवात केली. काकूंनी दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग "बरं" म्हणाल्या, पानावर पदर धरला आणि गेल्या.

संध्याकाळी पप्पा कारखान्यातून आले तेव्हा आईने सगळं सांगितलं. ते मला एक शब्द बोलले नाहीत. पायातल्या चपला न काढताच मागे वळले आणि काकूंच्या ओसरीवर जाऊन बसले. "वहिनी, घोटभर पाणी द्या. आणि जमलं तर चहा." अर्धा तास बसले असतील. येताना हातात ठेच्याची वाटी होती. शिऱ्याचा विषय कोणी काढलाच नाही.

पप्पा सातवीपर्यंत शिकलेले. पण योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय त्यांना माझ्यापेक्षा नीट समजला होता, हे कळायला मला पुढची दहा वर्षं लागली. खाली जे लिहितोय ते बरंचसं त्या ओसरीवरून सुचलेलं आहे. लेख ख्रिस्ती वाचकांसाठी आहे, पण ज्यांच्या दारात आमच्यातलं कोणी येऊन उभं राहतं त्यांनीही वाचायला हरकत नाही. आम्ही काय करू नये, हे तुम्हालाही माहीत असलेलं बरं.

निघण्याआधी

घरातून निघताना एकच गोष्ट तपासा. हा माणूस कधीच ख्रिस्ती होणार नाही असं आज कोणी लिहून दिलं, तरी आपण त्याच्याकडे जाऊ का? उत्तर "नाही" असेल तर आज जाऊ नका. आपण मैत्रीला निघालेलो नाही, गिऱ्हाइकाकडे निघालोय, आणि गिऱ्हाइकाला हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. विमा विकणारा भाचा घरी आला की आपल्याला कळत नाही का?

दुसरं म्हणजे आकड्यांचा नाद सोडा. "या वर्षी किती आत्मे?" म्हणजे किती जण ख्रिस्ती झाले, असं विचारणारी माणसं मी पाहिली आहेत. तो प्रश्न कोणी विचारला की मी पाणी प्यायला उठतो.

पाणी मागा

योहानाच्या त्या चौथ्या अध्यायातली गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. शोमरोनातलं सुखार गाव, याकोबाची विहीर, भर दुपार. शिष्य खायला आणायला गावात गेलेत. एक बाई पाणी भरायला येते आणि येशू तिला म्हणतो, मला प्यायला दे. ती चकित होते, कारण यहुदी शोमरोन्यांशी भांड्याचा व्यवहार ठेवत नसत. येशूकडे पोहरा नाही, हे तीच त्याला ऐकवते. म्हणजे प्यायचं तर तिच्याच घागरीतून.

महाराष्ट्रात या प्रसंगाचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर काय झालं ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं नाही, यावर आपल्याकडे माणसाची किंमत ठरलेली आहे. त्यामुळे "तुमच्याकडचं पाणी द्या" हे वाक्य इथं साधं वाक्य नाही.

आणि आपल्याकडे दुसरीही एक विहीर आहे. वसई पट्ट्यात, कोकणात, गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट: पाद्र्यांनी रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी लोक नकळत पाणी प्याले आणि अख्खं गाव बाटलं. त्या गोष्टीत इतिहास किती आणि सांगोवांगी किती हा वाद सोडून द्या. तुमच्या शेजाऱ्याने ती लहानपणी आजीकडून ऐकलेली आहे, एवढं ध्यानात ठेवा. तुम्ही हसतमुखाने केक घेऊन गेलात तरी त्याच्या मनात कुठंतरी तो पाव असतोच. एका विहिरीवर कोणीतरी गुपचूप तुमच्या पाण्यात काही टाकतंय आणि दुसरीवर कोणीतरी तुमच्याकडे पाणी मागतंय. आपण कुठल्या विहिरीवर उभे आहोत हे शेजाऱ्याला आपल्या वागण्यातून दिसायला हवं.

आम्हा ख्रिस्ती लोकांना द्यायची सवय दांडगी आहे. नाताळाला करंज्यांचं ताट, पूर आला की चादरी, आजारी माणसाला प्रार्थना. घ्यायला मात्र आम्ही अवघडतो. देणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा राहतो, म्हणून काही दिवस मुद्दाम मागा. शिडी मागा, मिक्सरचं भांडं मागा, पुरण सैल झालं तर काय करायचं ते विचारा. मुलाला गणित शिकवाल का म्हणून विचारा. हळदीकुंकवाला बोलावलं तर जा. कुंकू लावून घ्यायचं नसेल तर हात जोडून "मला फक्त तिळगूळ" म्हणता येतं, कोणी रागावत नाही.

प्रसादाचं काय, हा प्रश्न इथं येणारच. ख्रिस्ती लोकांत यावर एकमत नाही. प्रेषित पौलाने करिंथ गावच्या मंडळीला, करिंथकरांना, लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा अध्याय वाचले तर तोही दोन्ही बाजूंनी बोलताना दिसतो: मूर्ती काही नाही, खाल्लं म्हणून बिघडत नाही, पण कोणाच्या विवेकाला ठेच लागत असेल तर खाऊ नका. तुम्ही तुमच्या विवेकाने ठरवा. घ्यायचा नसेल तर नाही म्हणण्याची रीत मात्र शिकून घ्या. मी आता असं म्हणतो: "काकू, आमच्यात प्रसाद घेत नाहीत, राग मानू नका. पण तुमच्या हातचा चहा घेतल्याशिवाय मी जाणार नाही." पहिलं वाक्य म्हणायचं असेल तर दुसरं म्हणायलाच हवं. चहा होईपर्यंत उभं राहू नका, बसा.

कान उघडे ठेवा

१८९३ साली कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. तो त्यांच्याशी आधी काव्यावर बोलला, आणि उतरण्याआधी त्याने नव्या कराराची प्रत त्यांच्या हातात ठेवली. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. डब्यातल्या त्या माणसाने पूल पाडायला घेतला असता तर टिळक पुढच्या स्टेशनला डबा बदलून मोकळे झाले असते.

तेव्हा आधी विचारा, आणि विचारलं की उत्तर पुरं होऊ द्या. वारीला जाणाऱ्याला विचारा, वाखरीहून पुढं कळस दिसायला लागतो तेव्हा पोटात काय होतं? उपवास करणारीला विचारा, कोणासाठी धरलाय? काहीच न मानणाऱ्याला विचारा, कशावरून विश्वास उडाला? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त शिकवणारा हाच शेवटचा प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा एखाद्या मरणाशी किंवा एखाद्या ढोंगी माणसाशी जाऊन थांबतं, आणि तो ढोंगी माणूस कधीकधी आपल्यातलाच निघतो.

ऐकताना डोक्यात उत्तर जुळवत बसू नका. एक सोपी कसोटी आहे. घरी येऊन बायकोला किंवा नवऱ्याला त्या माणसाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत सांगता येतंय का? येत नसेल तर आपण ऐकलं नाही, आपली पाळी येण्याची वाट पाहत होतो.

चर्चची मराठी आणि बाहेरची मराठी

इथं जरा थांबतो, कारण आमची निम्मी फजिती भाषेमुळे होते.

आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी काकूंच्या मुलाला गाठून विचारलं, "बाळा, तुझं तारण झालंय का?" तो पतसंस्थेत कामाला. म्हणाला, "माझं कशाला? आमच्याकडे दागिन्यांचं होतं." पाहुणे आठवड्याभर हिरमुसले होते. पण चूक त्या पोराची नाही. आम्ही पापातून सुटकेला तारण म्हणतो, चर्चच्या भिंतीबाहेर तारण म्हणजे कर्जासाठी ठेवलेली वस्तू. देवाचा आपल्याला आलेला अनुभव सांगणं ही आमची साक्ष, बाहेर साक्ष म्हणजे कोर्टातली. अभिषेक म्हणजे पिंडीवर दुधाची धार. अशा शब्दांची आपल्याला इतकी सवय झालेली असते की ते परके आहेत हेच जाणवत नाही.

काही शब्द तर उलटाच अर्थ पोचवतात. "तुम्हाला नव्याने जन्म घेतला पाहिजे" हे येशूने निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याला सांगितलेलं वाक्य हिंदू शेजाऱ्यापुढे नुसतं ठेवा. त्याची सगळी धडपड जन्माच्या फेऱ्यातून सुटायची, आणि तुम्ही त्याला आणखी एक जन्म देताय! "कोकऱ्याच्या रक्तात धुतलेले" हे गाणं जैन मैत्रिणीला ऐकवलंत तर ती कानांवर हात ठेवेल. "आपण सगळे पापी" हे आपण नम्रतेने म्हणतो, समोरच्याला ती शिवी वाटते. गावात "पापी माणूस" कोणाला म्हणतात ते आठवा. आणि "मूर्तिपूजक", "अंधारातले लोक" हे शब्द तर बोलण्यातूनच काढून टाका, घरातसुद्धा. घरात बोललेलं बाहेर निसटतं.

मग बोलायचं कसं? मराठीत यावर दोन मोठ्या माणसांनी दोन वेगळे मार्ग धरले. फादर स्टीफन्स हे जेझुइट संघाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापून निघालं, चक्क ओव्यांत. स्वर्गाला ते बिनदिक्कत वैकुंठ म्हणतात. लोकांच्या कानाला जे ओळखीचं ते त्यांनी घेतलं. पंडिता रमाबाई याच्या उलट गेल्या. केडगावात बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं आणि जुन्या अर्थांचं ओझं असलेले शब्द टाळून साध्या बाईला कळेल अशी मराठी घडवायचा प्रयत्न केला. मला विचाराल तर ओसरीवर स्टीफन्स जवळचे वाटतात, पण गैरसमज व्हायला लागला की रमाबाईंकडे यावं लागतं. "देवाने मला माफ केलं, मला मोकळं वाटलं" एवढं म्हटलं तर तारण हा शब्द लागतच नाही. "नवा जन्म" ऐवजी "आतून माणूस बदलणं" म्हणा. "पाप" म्हणायचं तर स्वतःचं सांगा, समोरच्याचं नको.

करून पाहण्याजोगी एक गोष्ट: तुमची नेहमीची साक्ष फोनवर रेकॉर्ड करा आणि चर्चला न जाणाऱ्या एखाद्या जवळच्या मित्राला ऐकवा. जिथं तो "म्हणजे काय?" म्हणेल ते शब्द बदला. माझ्या पाच मिनिटांत त्याने अकरा वेळा थांबवलं होतं.

आपली गोष्ट, दोन मिनिटांत

कोणी "तुम्ही का मानता हो हे?" असं विचारलं तर उत्तर तयार असावं. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात तेच सांगितलंय: विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. त्यातल्या "विचारणाऱ्याला" या शब्दाकडे आमचं लक्ष कमी जातं.

गोष्ट खरी असावी, छोटी असावी, आणि तिच्यात तुम्ही नायक नसावं. माझी अशी आहे:

"वडिलोपार्जित तीन एकरांवरून भाऊ आणि मी चार वर्षं बोलत नव्हतो. रोज रात्री प्रभूची प्रार्थना म्हणायचो. तिच्यात एक ओळ आहे, आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी आम्हाला कर. एके रात्री ती ओळ तोंडातून निघेना. दुसऱ्या दिवशी भावाकडे गेलो. जमीन गेली ती गेली, अजूनही कधी बांधावरून जाताना मन खट्टू होतं. पण भाऊ आहे. येशूने मला काय दिलं विचारलंत तर हे."

यात चमत्कार नाही, दुसऱ्या धर्माची निंदा नाही, आणि शेवट साखरेत घोळलेला नाही. "आधी मी अमुक धर्मात होतो, तिथं नुसता अंधार" अशी मांडणी करू नका. तुमची आजी त्याच अंधारात तुम्हाला मांडीवर घेऊन ओव्या म्हणत होती. गोष्ट संपली की गप्प राहा. "मग, तुमचा काय विचार आहे?" असं लगेच विचारलं की गोष्टीची जाहिरात होते.

समोर कोण आहे

एकच भाषण सगळ्यांना चालत नाही. पौल सभास्थानात शास्त्रातून बोलायचा, अथेन्समध्ये मात्र त्याने तिथल्याच कवींची ओळ घेतली.

वारकरी किंवा एकूण भक्तिमार्गी शेजाऱ्याशी बोलणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात फसवं. सोपं अशासाठी की देवाचं प्रेम, शरण जाणं, नाम हे सगळं त्याला ठाऊक आहे. टिळकांची भजनं त्याला परकी वाटणार नाहीत, आणि नगर भागात ख्रिस्ती कीर्तनाची परंपराही आहे. फसवं अशासाठी की तो चटकन म्हणेल, "येशू पण अवतारच की!" आणि देव्हाऱ्यात त्याचीही तसबीर लावेल. तिथं वाद घालू नका. "तुम्ही त्याला मान देता याचं बरं वाटलं. आम्ही थोडं वेगळं मानतो, कधी वेळ असला तर सांगेन," एवढं पुरतं. वेळ आली की सांगा, एकदाच आलेला, क्रुसावर मेलेला आणि उठलेला, असं आम्ही मानतो.

बौद्ध मित्राशी बोलताना मात्र "देव तुमच्यावर प्रेम करतो" या वाक्याने सुरुवात करूच नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्म स्वीकारला आणि लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या, तेव्हा देव-अवतार हा सगळा विषयच बाजूला ठेवला गेला. तो विचार करून घेतलेला निर्णय आहे, त्यामागे माणूस म्हणून उभं राहण्याचा लढा आहे. तो मित्र तुम्हाला एक प्रश्न विचारेल: तुमच्या चर्चमध्ये जात संपली का? इथं खरं बोला. लग्न जमवताना काय विचारलं जातं, कुठल्या गावात कोण कुठल्या बाकावर बसत असे, हे आपल्याला माहीत आहे. मी अशा वेळी म्हणतो, "नाही संपली. आमच्या शास्त्राप्रमाणे संपायला हवी होती." यानंतरचं संभाषण माझ्या आयुष्यातल्या उत्तम संभाषणांपैकी एक ठरलं, आणि ते सुरू झालं आमच्या लाजेपासून. करुणा, दुःख, समता यांवर बोला. येशूने कुष्ठरोग्याला हात लावला ही गोष्ट सांगा. देवाचं अस्तित्व सिद्ध करायच्या फंदात पडू नका.

मुसलमान शेजारी ईसा आणि मरियम यांना मानतो. कुराणाचा एकोणिसावा सूरा मरियमच्याच नावाचा आहे. पण येशू देवाचा पुत्र आणि तो क्रुसावर मेला, या दोन्ही गोष्टी तो नाकारतो. हा फरक दोघांनाही माहीत असतो, तो आल्याआल्या उकरू नका. पैगंबरांविषयी वावगा शब्द तर नाहीच. प्रार्थना कशी करता, उपवास कसा करता, इथून सुरुवात छान होते. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती लोकांचा "सलाम" ऐकून एकदा एका मुसलमान चाचांनी मला आपल्यातलाच समजून रोजा सोडायला बसवलं होतं. खजूर खाऊन झाल्यावर मी खुलासा केला. हसून हसून त्यांना ठसका लागला.

विवेकवादी मित्राशी बोलताना चमत्काराचे व्हिडिओ दाखवू नका. एवढंच.

आजाऱ्याच्या उशाशी

प्रार्थना ही आमची सर्वात मोलाची गोष्ट आणि सर्वात जास्त गैरवापर झालेली. म्हणून इथं शिस्त हवी.

आधी विचारा: "मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का? इथं, की घरी जाऊन?" दुसरा पर्याय दिला म्हणजे माणसाला नाही म्हणायला जागा राहते. घरचे जवळ असतील तर त्यांनाही विचारा. डोक्यावर हात न विचारता ठेवू नका, परक्या बाईच्या तर नाहीच. आवाज शेजारच्या खाटेला जाऊ देऊ नका. एक मिनिट पुरे. त्यात डॉक्टरांचं आणि नर्सचं नाव घ्या. फोटो नको, व्हिडिओ नको, मंडळीत "अमक्यांच्या घरी दार उघडलं" असं सांगणं नको.

आणि औषध बंद करायला कधीही, कुठल्याही कारणाने सांगू नका. इन्सुलिन सोडून प्रार्थनेवर राहिलेला माणूस मी पाहिला आहे, आणि त्यानंतर काय झालं तेही. "तेल लावा, बरं वाटेल" असं कोणी पाळक म्हणत असेल तर त्यांच्याकडे शेजाऱ्याला नेऊ नका. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराच्या दाव्याने लोकांना फसवणं त्यात येतं. रोग हमखास बरा करण्याच्या जाहिरातींवर तर १९५४ पासूनच बंधन आहे. पण कायदा नसता तरी हे चुकीचंच होतं.

पुस्तक आणि फोन

न मागता पत्रिका वाटू नका. रसवंतीच्या टेबलावर विसरल्यासारखी ठेवून येणं हा तर विहिरीतला पावच. कोणी मागितलंच तर अख्खं बायबल देऊ नका. विधी-नियमांनी भरलेल्या लेवीयच्या पुस्तकात अडकून परत येतो माणूस. मार्काचं शुभवर्तमान द्या, सोळा अध्याय, दोन बैठकांत होतं. किंवा लूकचा पंधरावा अध्याय वाचून दाखवा. बापाला सोडून गेलेल्या पोराची गोष्ट शेतकऱ्याला समजावून द्यावी लागत नाही, वाटणीच्या ओळीवरच तो मान हलवतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी वचन टाकत असाल तर आजपासून थांबवा. ते कोणी वाचत नाही, लोक फक्त तुमच्याविषयी मत बनवतात.

रेषा कुठे आहे

घटनेच्या २५व्या कलमाने धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार करणं म्हणजे आपला विश्वास समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात नाही. मला स्वतःला ही रेषा जाचत नाही. माणूस बदलणं आमच्या हातात नाही, असं आमचंच शास्त्र म्हणतं. बऱ्याच राज्यांत बळजबरी, फसवणूक आणि आमिष यांविरुद्ध वेगळे कायदे आहेत आणि काही ठिकाणी धर्म बदलताना जिल्हा प्रशासनाला कळवावं लागतं. सध्या तुमच्या राज्यात काय लागू आहे ते वकिलाला विचारून घ्या, व्हॉट्सॲपवरून नको.

व्यवहारात मी चार माणसांपुढे स्वतःहून विषय काढत नाही: अल्पवयीन मूल, माझ्या हाताखाली काम करणारा, माझ्याकडून पैसे किंवा मदत घेणारा आणि इस्पितळातला रुग्ण (त्याला प्रार्थना करू का एवढंच विचारतो). चौघांनाही मला "नाही" म्हणणं अवघड असतं. मूल विचारत असेल तर आईबापांसमोर उत्तर द्या. मदत द्यायची तर ती उपासनेच्या दाराशी बांधू नका. कोणाची फी भरली असेल तर निदान वर्षभर त्या घरी धर्माचा शब्द नको. २०११ साली जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना या तिघांनी मिळून साक्षीची आचारसंहिता काढली, तिच्यातही आमिष आणि सत्ता यांचा वापर स्पष्टपणे नाकारला आहे. एरवी आपसात न पटणाऱ्या या तिघांचं इथं पटलं.

कोणी "मला यायचंय" म्हणालं तर

घाई करू नका. हे ऐकून काही पाळक माझ्यावर रागावतील.

टिळकांच्या बाप्तिस्म्याची गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो, पण लक्ष्मीबाईंच्या बाजूनेही ती पाहा. नवऱ्याने धर्म बदलला आणि संसार उभा फाटला. कित्येक वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या परत आल्या त्या आपलं सोवळंओवळं सांभाळतच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जातपात देवाने केलेली नाही हे लक्ष्मीबाईंना स्वतःलाच उमगलं, आधी सोवळं सुटलं आणि मग बाप्तिस्मा झाला. दोघांच्या बाप्तिस्म्यांत जवळपास पाच वर्षांचं अंतर आहे. मधलं दुःख सबंध कुटुंबाला पुरलं.

म्हणून येऊ पाहणाऱ्याला पहिला प्रश्न: घरी सांगितलंय का? लपूनछपून काही करू नका, नवरा-बायकोत फूट पडेल असा सल्ला देऊ नका, देव्हारा फोडायला किंवा मंगळसूत्र काढायला सांगू नका. परिणामही आधीच सांगा. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात, ज्यावर आरक्षण ठरतं, हिंदूंबरोबर १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती नाहीत. मुलीच्या प्रवेशावर, नोकरीवर याचा परिणाम होतो. हे बाप्तिस्म्यानंतर कळलं तर तो माणूस तुम्हाला फसवणारा म्हणेल, आणि त्याचं चूक नसेल. वर्षभर येऊ दे, बसू दे, भांडू दे.

आणि "नाही" म्हणालं तर

काकूंनी कधी काही विचारलं नाही. एकादशी धरतात, पांडुरंगाला तुळस वाहतात. पप्पांच्या शेवटच्या महिन्यात रोज सकाळी तांदळाची पेज घेऊन यायच्या आणि खाटेशी बसायच्या. एके दिवशी मला म्हणाल्या, "ते तुमच्यातलं मेंढपाळाचं वाच रे. भाऊंना आवडतं." मी तेविसावं स्तोत्र वाचलं. मृत्यूच्या दरीतून जाताना तुझी काठी मला धीर देते, या ओळीशी त्यांनी थांबवलं.

"काठीने तर मारतात. धीर कसला देईल?"

शिऱ्याच्या त्या दिवसाला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. मी म्हटलं, "काकू, आपल्याकडे दिवाळीनंतर धनगर येतात ना, रानात बसतात. त्यांची काठी मेंढराच्या पाठीवर कमी पडते, लांडग्यावर जास्त."

त्या थोडा वेळ पप्पांकडे बघत राहिल्या. "मग बरोबर आहे," म्हणाल्या, पेजेचं भांडं उचललं आणि दारातून मागे वळून विचारलं, "चहा टाकू का तुला?"

"टाका," मी म्हटलं.